जर्मनीचा ग्राहक विचारतोय: तुमच्या बोल्टमागे कार्बन किती?

बोल्टवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी भटकंती आणि पाककृतींच्या धाग्यांवर रेंगाळणारा, बहुतेक वेळा वाचनमात्र. आज धंद्याच्या गरजेपोटी धागा काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

अंबड एमआयडीसीत आमचं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे. वायर रॉड आणायचा, ओढायचा, कोल्ड हेडिंग, थ्रेड रोलिंग. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून. मालाचा साधारण तिसरा हिस्सा जर्मनीला जातो. गेली दोन वर्षं तिथला ग्राहक दर तिमाहीला एक अजस्र एक्सेल पाठवतो, नाव ‘सीबॅम’, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन-शुल्काचा हिशोब. पहिल्यांदा आली तेव्हा मी ती सीएला पाठवली. सीएने कन्सल्टंटला पाठवली. कन्सल्टंटने फी सांगितली, तेवढ्यात माझे डायचे दोन सेट आले असते. शेवटी पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने दोन रात्री बसून भरली.

आतापर्यंत नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून खरे पैसे लागू झाले. ग्राहक म्हणतो पैसे आम्ही भरू, पण तुमच्या भावातून वळते करू. दर काय, तर युरोपच्या कार्बन बाजारात जो असेल तो.

कांद्याचा बाजार कळतो, स्टीलचा कळतो. धुराचा बाजार भरतो म्हणजे नक्की काय भरतं? भाव कोण फोडतं? आणि यातून धूर कमी होतो, की आणखी एक स्टॅम्पपेपर वाढला एवढंच?

खट्याळ_नारद

धुराला गिऱ्हाईक असेल तर आमच्या सोसायटीत रोज सकाळी पालापाचोळा जाळणाऱ्या काकांचा नंबर देतो. मोठे सप्लायर आहेत.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

ऱ्हाईनकाठ

दादा, मी ड्युसेलडॉर्फजवळ एका वीज कंपनीत नोकरी करते. हे परवाने विकत घेणारा विभाग माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. जमेल तसं सांगते, लांबेल.

विक्री धुराची होत नाही. विक्री होते ती धूर सोडायच्या परवान्याची. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वर्षभरात जेवढे टन सोडले तेवढे परवाने पुढच्या सप्टेंबरअखेर जमा करायचे. कमी पडले तर टनामागे १०० युरोपेक्षा जास्त दंड, आणि दंड भरून सुटका नाही, राहिलेले परवाने तरीही आणून द्यायचे. सगळ्या युरोपचे मिळून किती परवाने निघणार ते आधी ठरलेलं असतं आणि तो आकडा दरवर्षी उतरतो. ज्याला कमी खर्चात धूर घटवता येतो तो घटवतो आणि उरलेले परवाने विकतो. ज्याला ते महाग पडतं तो विकत घेतो. भाव कोणी फोडत नाही, तो लिलावात आणि एक्स्चेंजवर ठरतो.

कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात पहिली दहा-बारा वर्षं फजितीच होती.

२००५ ला सुरू झालं तेव्हा कोणत्या कारखान्याला किती परवाने द्यायचे ते प्रत्येक देशाने आपलं आपण ठरवलं. मुळात कोण किती धूर सोडतो याचा तपासलेला आकडाच कोणाकडे नव्हता. कारखान्यांनी सांगितलं, सरकारांनी लिहून घेतलं. आपला उद्योग अडचणीत यावा असं कोणत्या मंत्र्याला वाटेल? सढळ हाताने वाटले. एप्रिल २००६ मध्ये पहिल्या वर्षाचे तपासलेले आकडे बाहेर आले आणि लोकांना कळलं की परवाने धुरापेक्षा जास्त आहेत. ३० युरोच्या आसपास असलेला भाव काही दिवसांत अर्ध्याखाली आला. ते परवाने पुढच्या टप्प्यात वापरता येणार नव्हते, त्यामुळे २००७ संपता संपता भाव काही सेंटवर. चहाच्या कपाला जास्त पैसे पडायचे.

आता आमच्या क्षेत्राची लबाडी. परवाने फुकट मिळाले होते, तरी वीज कंपन्यांनी त्यांची किंमत विजेच्या दरात लावली. खानावळवाली घरच्या शेतातला कांदा वापरते, म्हणून कांदा महागल्यावर ताट स्वस्त ठेवते का? तो कांदा बाजारात विकला असता तर किती आले असते, तेवढे ती ताटात लावतेच. अर्थशास्त्रात हे बरोबर आहे. पण ग्राहकाने पैसे भरले आणि कंपन्यांनी अब्जावधी युरोचा फुकटचा नफा कमावला. म्हणून २०१३ पासून बहुतेक देशांत वीज कंपन्यांना फुकट परवाने बंद झाले, लिलावातून घ्यावे लागतात.

त्याआधी २००८ ची मंदी. कारखाने मंदावले, परवाने मात्र छापून झाले होते. २०१३ पर्यंत जवळपास २ अब्ज परवाने बाजारात नुसते पडून, भाव ५ युरोच्या खाली. त्या काळात आमच्याकडे नव्या कोळसा केंद्राचं गणित मांडताना कार्बनची ओळ असायची, पण तिच्याकडे कोणी बघायचं नाही.

पुढे अक्कल आली. आधी ९० कोटी परवान्यांचा लिलाव मागे ढकलला. मग २०१९ पासून एक राखीव कोठार सुरू केलं: बाजारात जास्त परवाने दिसले की लिलावातून आपोआप कमी करून कोठारात टाकायचे. शिल्लक फार झाली की त्यातले बरेचसे रद्दच. तिथून भाव चढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने पहिल्यांदा १०० युरो ओलांडले. त्यानंतर मात्र ती कार्बनची ओळ मीटिंगमध्ये सगळ्यात आधी वाचली जायला लागली.

खट्याळ_नारद

ताई, मधल्या घोटाळ्यांचं पण सांगा की. तेच खरं मनोरंजन.

ऱ्हाईनकाठ

सांगते, आपल्या लोकांना ते चटकन कळेल. २००८-०९ मध्ये परवाने एका देशातून व्हॅटशिवाय घ्यायचे, दुसऱ्या देशात व्हॅट लावून विकायचे, व्हॅट खिशात घालून कंपनी गायब. युरोपोलचा (युरोपची सामायिक पोलीस यंत्रणा) अंदाज ५ अब्ज युरोचा होता. परवाना म्हणजे संगणकातली नोंद. ट्रक नको, गोदाम नको, ई-वे बिल नको. दिवसातून दहा वेळा फिरवा. फ्रँकफुर्टच्या कोर्टात एका मोठ्या बँकेचे कर्मचारी दोषी ठरले.

आणि जानेवारी २०११ मध्ये प्रागला नोंदणी कार्यालयात बॉम्ब ठेवल्याचा खोटा फोन आला, माणसं बाहेर काढली, आणि त्याच सुमारास एका खात्यातून पावणेपाच लाख परवाने चोरीला गेले. किंमत सुमारे ७० लाख युरो. सगळ्या युरोपातला हजर (लगेच देवघेवीचा) व्यवहार थांबवावा लागला होता.

साक्रीकर

या असल्या बाजाराचा प्रसाद आम्ही घेतलाय, म्हणून लिहितो.

आमच्या साक्री तालुक्यात पठारावर चढा, जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या. तिकडे साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर तेच. क्योटो करारातल्या सीडीएम योजनेत यातल्या बऱ्याच प्रकल्पांनी नोंदणी केली. म्हणजे काय, तर युरोपातल्या कारखान्याने स्वतःचा धूर कमी न करता आमच्या पठारावरच्या वाऱ्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. अट एकच, या पैशाशिवाय हा प्रकल्प उभाच राहिला नसता हे दाखवायचं.

आता गंमत ऐका. त्या काळी पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळायचा. ज्यांनी आयुष्यात साक्री पाहिली नाही त्यांनी आयकर वाचवायला चक्क्या घेतल्या. वर वीज मंडळाशी ठरलेला दर. आणि अर्जात लिहायचं की कार्बनचे पैसे नसते तर आम्हाला परवडलंच नसतं! कागद इंग्रजीत, जमीन आमच्या गावची. ‘स्थानिकांशी चर्चा’ नावाचा एक रकाना असायचा. आमच्या गावची चर्चा चहा-बिस्किटांत आटोपली.

पुढे त्या सर्टिफिकेटचा भाव २००८ ला २० युरोवर होता तो २०१२ संपताना एक युरोच्या खाली. खेळ खलास. चक्क्या फिरतात अजून, वीजही होते, ते नाकारत नाही. पण युरोपात तेवढा धूर जास्त निघाला आणि इथे तेवढा कमी झाला नाही, तर हवेने काय कमावलं?

दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आता आमच्या बोल्टवर जकात लावायची, याला तुम्ही बाजार म्हणा, मी दुसरं काही म्हणेन.

ऱ्हाईनकाठ

आप्पा, सीडीएमबद्दल शंभर टक्के सहमत. पवनचक्क्या तर त्यातल्या त्यात सोज्वळ. एचएफसी-२३ चं प्रकरण याहून वाईट. फ्रिजचा गॅस बनवताना तो बाय-प्रॉडक्ट म्हणून निघतो. एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, असा हिशोब तेव्हा धरायचे. जाळून टाकायला खर्च किरकोळ, क्रेडिट मात्र खंडीने. गॅस विकण्यापेक्षा कचरा जाळण्यात पैसे जास्त! चीनमध्ये आणि आपल्याकडे गुजरातेतही असे प्रकल्प होते. युरोपने २०१३ मध्ये ती क्रेडिट घेणं बंद केलं.

पण आप्पा, ते उसनं सर्टिफिकेट आणि मूळ मर्यादा या दोन गोष्टी वेगळ्या. मर्यादेतल्या कारखान्यांचा धूर २०२३ मध्ये २००५ पेक्षा ४७ टक्क्यांनी कमी होता. सगळं श्रेय बाजाराला देणार नाही, सौर आणि पवनऊर्जेला सरकारने वेगळे पैसे दिले, मंदी होती, युद्ध होतं. ब्रिटनने तर २०१३ पासून या भावावर स्वतःचा जादा कर लावला आणि ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांचं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. कोळशाच्या विजेला हा भाव झोंबला. स्टील आणि सिमेंटला मात्र आजवर फारसा झोंबलेला नाही, कारण त्यांना अजून फुकट परवाने मिळतात. भाव लावला तर कारखाने देश सोडून जातील अशी भीती.

‘जकाती’चा उगम तिथेच आहे. आता २०२६ ते २०३४ मध्ये त्यांचे फुकट परवाने हळूहळू काढणार आणि तेवढाच भार बाहेरून येणाऱ्या मालावर टाकणार. तुमचा न्यायाचा मुद्दा मात्र यातून खोडला जात नाही. मला इथे बसून तो खोडताही येणार नाही.

तापीकाठ

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांगा. मी मूळचा शहाद्याचा, वाढलो सूरतला उधन्यात. आमच्यासारखे खानदेशी घरटी एक तरी सूरतला असतोच. एका डाइंग मिलमध्ये बॉयलर आणि थर्मोपॅक (तेल तापवायची भट्टी) माझ्याकडे आहेत.

तुम्ही युरोपचं बोलताय, आमच्याकडे २०१९ पासून धुराचा बाजार चालू आहे. फक्त तो कार्बनचा नाही, चिमणीतून निघणाऱ्या कणांचा, म्हणजे राखेच्या धुळीचा. किलोवर चालतो. किमान भाव किलोला ५ रुपये, जास्तीत जास्त १००. हिशोबाच्या काळात परवान्यापेक्षा जास्त किलो निघाले तर २०० रुपये किलोने आधीच भरलेल्या डिपॉझिटमधून कट.

आधी कसं होतं सांगतो. नियम घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम धुळीचा. प्रदूषण बोर्डाचा माणूस येणार असं कळलं की त्या दिवशी चांगला कोळसा, फिल्टरच्या नव्या बॅगा, सगळं चकाचक. तो गेला की रात्री बॅग फाटली तरी सकाळपर्यंत तशीच. मालकाचं चुकत होतं असंही नाही, शेजारची मिल तेच करायची.

आता चिमणीत मीटर बसलंय. दर मिनिटाचा आकडा बोर्डाकडे जातो. मीटर बंद ठेवून उपयोग नाही, रिकाम्या तासांना चढा आकडा धरतात. रात्री दोनला बॅग फाटली तर मला आता फोन करून माणूस उठवावा लागतो, कारण सकाळपर्यंत जेवढी धूळ जाईल तेवढे किलो खात्यातून जातात. आमच्या शेठना पर्यावरण वगैरे काही नाही. पण रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर विचारतात, “आज केटला किलो?”

आकडेमोड

तापीकाठ, भारी लिहिलंत! तुमच्या सूरतच्या प्रयोगाचे आकडे मी देतो. असा काटेकोर प्रयोग जगात क्वचितच झालाय. कोळशाच्या बॉयलरवाल्या ३१७ मिल निवडल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून निम्म्यांना बाजारात घेतलं आणि निम्म्यांना जुन्या नियमावर ठेवलं. मीटर दोघांनाही. बाजारातल्या मिलची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली, आणि धूळ घटवण्याचा खर्चही कमी आला. नव्याण्णव टक्के वेळा त्यांनी पुरेसे परवाने जमा केले. जुन्या नियमावरच्या मिल तिकडे तीनातून किमान एक वेळ नियम मोडत होत्या. मर्यादासुद्धा महिन्याला २८० टनांवरून १७० टनांपर्यंत उतरवली.

आणि याच्या मागची गोष्ट त्याहून मजेदार. २००९ ते २०११ मध्ये गुजरातेत पर्यावरण ऑडिटरांवर एक प्रयोग झाला होता. ऑडिटर कारखान्याने नेमायचा, पैसेही कारखान्याने द्यायचे. त्या अहवालांत धुळीचे आकडे मर्यादेच्या जरा खाली, १४०-१४५ ला, असे दाटीवाटीने बसलेले! मग काही कारखान्यांत ऑडिटर चिठ्ठीने नेमले आणि पैसे सामायिक निधीतून दिले, आणि काही ठिकाणी परत जाऊन मोजलं. आकडे एकदम खरे यायला लागले. माणसं तीच होती.

२०११ ला ही धुळीच्या बाजाराची योजना जाहीर झाली तेव्हा तिच्यात गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं होती. महाराष्ट्राचं पुढे काय झालं यावर वेगळा धागा काढावा लागेल.

साक्रीकर

तापीकाठ भाऊ, तुमचं पटलं. किलो मोजता येतो, डोळ्याला दिसतो, धुण्यावर पडतो. वाऱ्याने न जाळलेला कोळसा मोजता येत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आकडेमोड

आप्पांनी नेमकं बोट ठेवलं.

आता बोल्टवाल्यांसाठी आपल्या देशाचं. आपल्याकडे २०१२ पासून ‘पॅट’ योजना होती, कारखान्याने टनामागे किती ऊर्जा वापरायची याचं लक्ष्य. पहिल्या फेरीत ४७८ कारखाने. लक्ष्यं एवढी सोपी की बहुतेकांनी सहज ओलांडली आणि जादा बचतीबद्दल मिळणाऱ्या सर्टिफिकेटांचा भाव पडला. युरोपचीच २००६ ची चूक, देशी आवृत्ती. आता जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आली आहे. ॲल्युमिनियम, सिमेंट, पोलाद, खत, कागद, कापड वगैरे नऊ क्षेत्रं. विजेची केंद्रं त्यात नाहीत, हे मला अजून पचलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांची लक्ष्यं निघाली. पाळली नाहीत तर क्रेडिटच्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई.

पण एक मोठा फरक. युरोपात एकूण टनांवर मर्यादा आहे. आपल्याकडे टन मालामागे किती कार्बन, यावर. चीनचंही २०२१ पासून असंच चाललंय. मालामागचा कार्बन १० टक्के घटला आणि माल दीडपट झाला तर एकूण धूर वाढतोच. वाढत्या देशाने असं करणं मला गैर वाटत नाही, पण त्याला ‘मर्यादा’ म्हणू नये.

बोल्टवाले, तुमचं युनिट यात येत नाही. तुमचा स्टीलवाला येऊ शकतो. भारतात भरलेली कार्बनची किंमत युरोपात वजा मिळते असं म्हणतात ते खरं आहे. पण स्टीलवाल्याने लक्ष्य गाठलं तर त्याने भरलेलं शून्य, मग वजा काय करणार? तरी सुरुवातीला सीबॅमचा हप्ता किरकोळच आहे, २०२६ ला फक्त अडीच टक्के. घाबरू नका.

ऱ्हाईनकाठ

थांबा थांबा! ही अडीच टक्क्यांची समजूत सगळीकडे पसरली आहे आणि ती चुकीची आहे.

अडीच टक्के कमी होतात ते इथल्या कारखान्यांच्या फुकट परवान्यांतून, आणि ते परवाने मिळतात एका मापदंडाप्रमाणे, म्हणजे टन मालामागे ठरवून दिलेल्या कार्बनच्या आकड्याप्रमाणे. उदाहरणापुरते आकडे धरते. तुमच्या एक टन बोल्टमागे २.३ टन कार्बन, मापदंड १.५, भाव ७५ युरो. मापदंडाचे साडेसत्त्याण्णव टक्के म्हणजे १.४६ वजा होणार. उरले ०.८४ टन, म्हणजे टनामागे ६३ युरो. तुमच्या हिशोबाने आले असते ४. तुमचा माल मापदंडापेक्षा जेवढा मळका, तेवढ्या फरकावर पहिल्याच वर्षी पूर्ण भाव. २०३४ ला वजावट संपेल तेव्हा हेच १७२ होतील.

आणि दादा, मोजलेला आणि तपासलेला आकडा दिला नाहीत तर डिफॉल्ट आकडा लागतो. तो मुद्दाम चढा ठेवलाय.

आकडेमोड

चूक मान्य. वरचा प्रतिसाद बदलत नाही, लोकांना कळू दे कुठे घसरलो ते.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट भरतो. सीबॅममध्ये स्टीलसाठी सध्या फक्त थेट धूर धरतात, विजेमागचा नाही. त्यामुळे स्क्रॅप वितळवणारी इंडक्शन भट्टी (आपल्या जालन्यात आहेत तशा) कागदावर फार स्वच्छ दिसते, मग ती वीज कोळशाची का असेना. पण त्याच भट्टीत स्पंज आयर्न (खनिजापासून कोळसा वापरून काढलेलं कच्चं लोखंड) टाकलं की त्यामागचा कोळसा हिशोबात येतो. म्हणजे बोल्टमागचा कार्बन तुमच्या हेडिंग मशीनवर जवळपास ठरतच नाही. तो वायर रॉड कशापासून बनला त्यावर ठरतो.

बोल्टवाला

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं ६३ विरुद्ध ४ वाचून रात्री नीट झोप लागली नाही, पण कळलं ते बरं झालं. आमच्या मार्जिनमध्ये टनामागे ६३ युरो म्हणजे थट्टा नाही.

काल दोन्ही वायर रॉडवाल्यांना फोन केले. पहिल्याचा सेल्सचा मुलगा म्हणाला, “साहेब, मिल टेस्ट सर्टिफिकेट देतो की, कार्बनची टक्केवारी असते त्यात.” त्याला समजावलं की तो कार्बन स्टीलमधला, मला स्टील बनवताना हवेत गेलेला हवाय. पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्याने संध्याकाळी एक पानाची पीडीएफ पाठवली. टनामागे १.४९. कोणत्या भट्टीचा, कोणत्या वर्षाचा, स्पंज किती, काही नाही. लेटरहेड मात्र झकास.

पोरगी म्हणते, बाबा हा आकडा ताईंच्या १.५ च्या अगदी जरा खाली आहे, बघा.

तापीकाठ

भाऊ, १.४९ वाचून मला आमचे जुने १४५ आठवले. 😀

मोजलं कोणी ते विचारा. आणि मोजणाऱ्याचं बिल कोणी भरलं तेही. चला, माझी रात्रपाळी आहे.

बोल्टवाला

विचारतो. आकडा आला की इथेच टाकतो, धागा वर काढून.